तळ्यातला नांगर

बोटीत बसून दिवसभर सरोवरावर हिंडावे, ऊन कलले की काठाच्या एखाद्या आडोशाच्या वळणात शिरावे, नांगर टाकावा, डब्यातले जेवण जेवून चांदणे पाहत पडून राहावे आणि उजाडले की नांगर उचलून पुढे निघावे. यात कायद्याचा संबंध येतो कोठे, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटेल. आपल्याकडे तळे म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो घाट, त्यावरचे देऊळ आणि पाण्यातली कमळे. तेथे बोटीत रात्र काढण्याची कल्पना सहसा कोणी करीत नाही. उत्तर अमेरिकेत मात्र हा सुटीतला नेहमीचा छंद आहे. आणि तेथे ‘या तळ्यावर रात्री नांगर टाकला तर चालेल काय?’ असे विचारले तर जितकी माणसे तितकी उत्तरे मिळतात. ज्या देशात प्रत्येक गोष्टीला पाटी आणि प्रत्येक पाटीला दंड आहे, तेथे असे का व्हावे, हे शोधू लागलो म्हणजे आपण एका फार जुन्या प्रश्नापाशी येऊन पोचतो. पाणी कोणाचे, हा तो प्रश्न. म्हणून वरवर हलका वाटणारा हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

उदाहरणासाठी मिशिगन हे एकच राज्य घेऊ. पाच महासरोवरांपैकी चार या राज्याच्या काठाला लागतात, आणि आतल्या भागात लहानमोठी ११,००० हून अधिक तळी आहेत. समजा, डेट्रॉइटच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. अशी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. त्यांनी झोपण्यापुरती जागा असलेली एक जुनी बोट घेतली आणि आतल्या एखाद्या तळ्यावर शनिवारची रात्र काढायचे ठरविले. बोट विकणारा त्यांना म्हणतो, ‘खुशाल राहा, पाणी सर्वांचे आहे.’ काठावरचा घरमालक म्हणतो, ‘माझ्या घरासमोर नांगर टाकू नका, खालची जमीन माझी आहे.’ आणि तळ्यावर गस्त घालणारा शेरीफचा अधिकारी म्हणतो, ‘एक रात्र असेल तर आम्ही सहसा काही म्हणत नाही.’ या ‘सहसा’ शब्दाने ऐकणाऱ्याची झोप उडते. गंमत अशी की, तिघांपैकी एकही खोटे बोलत नाही.

तिघेही खरे कसे, ते पाहू. तळ्यावर उभी असलेली बोट एकाच वेळी तीन ठिकाणी असते. तिचा देह पाण्यावर, तिचा नांगर तळाच्या जमिनीत आणि तिची दृष्टी व तिचा आवाज काठावर. या तिन्हींचे कायदे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या हेतूंनी केलेले आहेत. चालती बोट फक्त पहिल्याशीच संबंध ठेवते. ती थांबली की उरलेले दोघे जागे होतात.

प्रथम पाण्याचे घेऊ. १७८७ मध्ये, अमेरिकेची राज्यघटना अमलात येण्यापूर्वीच, ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी तेथील काँग्रेसने एक हुकूम केला. मिशिगन त्याच प्रदेशातून पुढे निघाले. त्या हुकुमात असे ठरले की, मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्स या नद्यांना जाऊन मिळणारे नौकायोग्य जलमार्ग आणि त्यांच्यामधल्या, होड्या खांद्यावर वाहून नेण्याच्या वाटा, हे सर्व सार्वजनिक हमरस्ते समजावेत. त्यावर कर नाही, जकात नाही. त्या काळी रस्ते नव्हते. कातड्याचा व्यापारी, सैनिक, पाद्री, जो तो पाण्यावरूनच जात असे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते पाणी रस्ता आहे. पुढे १८५३ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने नौकायोग्य कशाला म्हणावे याचे मापही ठरविले: ज्या प्रवाहातून लाकडाचे ओंडके वाहत नेता येतात तो प्रवाह सार्वजनिक. लाकूडतोडीच्या धंद्याला सोयीचे असे ते माप होते. आज सहलीला निघालेल्या बोटीचा हक्क त्या ओंडक्यांच्या पाठीवर बसून आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता रस्त्यावरून जाण्याचा हक्क म्हणजे रस्त्यावर झोपण्याचा हक्क नव्हे, हे उघड आहे. पण रस्ता लांबचा असेल तर प्रवासी वाटेत थांबणारच. आपल्याकडे बैलगाडीचा काळ होता तेव्हा दिवस मावळला की गाडीवान रस्त्याकडेला वडाखाली गाडी सोडीत असे, बैलांपुढे वैरण टाकीत असे आणि गाडीखालीच अंग टाकीत असे. त्याला कोणी ‘जमीन कोणाची?’ म्हणून विचारले नाही. एसटीची मुक्कामी गाडी गावात येऊन उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपतात आणि पहाटे ती निघून जाते. तिने गावात घर केले असे कोणी म्हणत नाही. मराठीत यासाठी तीन चांगले शब्द आहेत: थांबणे, मुक्काम करणे आणि बिऱ्हाड करणे. पाच मिनिटे थांबलेल्याचा प्रश्न नाही, आणि बिऱ्हाड थाटलेल्याचाही नाही. त्याला परवानगी हवी, हे सर्वांना मान्य आहे. सारा घोळ मधल्या मुक्कामाचा आहे. कायद्याने दोन टोके नीट बांधली आणि मधला दोर सैल सोडला.

आता तळाकडे वळू. येथे आपली भाषाच आपल्याला वाट दाखविते. शेतात चालतो तोही नांगर आणि बोटीतून टाकतात तोही नांगर. दोन्हींचे काम एकच, जमिनीत रुतणे. शेतात नांगर घालण्यापूर्वी पहिला प्रश्न असतो जमीन कोणाची. पाण्यातल्या नांगरालाही तोच प्रश्न विचारला गेला तर नवल कशाचे? महासरोवरांचा तळ राज्याच्या मालकीचा आहे, आणि ही मालकी साधी नाही. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागोच्या काठालगतचा मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून अधिक तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि १८७३ मध्ये पस्तावून तो परत घेतला. प्रकरण केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, असा तळ राज्याकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असतो. विश्वस्ताने ठेव विकून टाकावयाची नसते. हा निवाडा आपल्यालाही परका नाही. बियास नदीच्या काठच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याचाच आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतात मान्य केले.

परंतु मिशिगनमधल्या आतल्या तळ्यांचा हिशेब निराळा आहे. तेथे तळाची जमीन काठावरच्या मालकांची. ज्याचे घर काठावर, त्याची हद्द पाण्याखालून तळ्याच्या मध्याकडे जाते. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात नैसर्गिक तळ्यांचा तळ राज्याचा आणि बांध घालून साठविलेल्या पाण्याखालचा तळ काठच्या मालकाचा. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की तोच नांगर, तोच चिखल, पण धनी बदलतो. पाण्यावर कुंपण नसते, पाण्याखाली असते. आणि ते दिसत नाही.

मग मिशिगनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीत नांगर टाकणे ही आगळीक झाली काय? तेथील न्यायालयांचे उत्तर मोठे समजूतदार आहे. १९८५ मधील एका निवाड्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुनाच दंडक पुन्हा सांगितला: ज्याला सार्वजनिक वाटेने तळ्यावर येता आले, त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर वाजवी रीतीने फिरण्याचा, मासे धरण्याचा, पोहण्याचा हक्क आहे, आणि बोट तात्पुरती नांगरून ठेवणे हा त्या फिरण्याच्या हक्काचाच भाग आहे. कायमची बांधून ठेवणे, धक्का उभारणे, हे मात्र काठच्या मालकाचे. येथपर्यंत सर्व स्वच्छ आहे. पण ‘तात्पुरते’ म्हणजे किती? दुपारच्या जेवणापुरते? वादळ ओसरेपर्यंत? सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत? दोन रात्री? न्यायालयाने घड्याळ लावले नाही. त्याच्यापुढे आलेला वाद धक्क्यांचा होता, झोपेचा नव्हता, आणि न्यायालये विचारल्याहून अधिक सहसा बोलत नाहीत. म्हणून आपल्या काल्पनिक कुटुंबाला बोट विकणाऱ्याने ‘राहा’ म्हटले ते या निवाड्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून, आणि घरमालकाने ‘नको’ म्हटले ते दुसऱ्या भागावरून.

घरमालकाचा पक्ष आपण हसण्यावारी नेऊ नये. नांगरलेली बोट एका जागी उभी राहते, हा किनाऱ्यावरून पाहणाऱ्याचा भ्रम आहे. नांगर तळात रुतून राहावा तर त्याला बसणारी ओढ आडवी हवी. दोर वरून सरळ खेचला तर नांगर उपटून येतो. म्हणून पाण्याची खोली आणि बोटीच्या नाकाची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या पाचपट, रात्रीसाठी सातपट दोर सोडावा, असा खलाशांचा दंडक आहे. ही बेरीज ४ मीटर धरली तर दोर २८ मीटर. बोट ८ मीटर लांब असेल तर नांगर हा मध्य धरून तिचे शेपूट सुमारे ३५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोठेही जाऊ शकते. तळ्यावर भरती-ओहोटी नाही, पण वारा आहे, आणि तो रात्रीतून दिशा बदलतो. संध्याकाळी काठापासून दूर, सभ्यपणे उभी असलेली बोट पहाटे घरमालकाच्या धक्क्याला खेटून घोरत असते. अशा दोन बोटी वेगवेगळ्या लांबीच्या दोरांवर असल्या तर त्यांची वर्तुळे एकमेकांत शिरतात आणि मध्यरात्री शब्दाला शब्द लागतो. शिवाय नांगर जेथे रुततो तेथली पाणवनस्पती उपटली जाते, आणि माशांची पिले वाढतात ती तिच्यातच. नियम करणाऱ्यांपुढे हे सर्व असते.

एका ठिकाणी मात्र मिशिगनने घड्याळ लावले. कित्येक सार्वजनिक रस्ते थेट तळ्यापर्यंत येऊन संपतात. या रस्त्यांच्या टोकांवर काठावर घर नसलेले लोक धक्के उभारू लागले, हंगामभर बोटी बांधून ठेवू लागले, आणि शेजाऱ्यांशी कज्जे सुरू झाले. २०१२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून सांगितले की, मूळ दस्तऐवजात तसा हक्क दिलेला नसेल तर रस्त्याच्या अशा टोकाशी मध्यरात्री १२ पासून सूर्योदयापर्यंत बोट बांधून ठेवता येणार नाही. नियम कडक म्हणा, पण त्याचे एक मोठे गुण आहे: तो वाचून कोणालाही आपण आत आहो की बाहेर ते कळते. मात्र तो रस्त्याच्या टोकाला लागू आहे. तेथून २०० मीटर आत पाण्यात नांगर टाकणाऱ्याला तो काही सांगत नाही. तो पुन्हा आपल्या ‘तात्पुरत्या’ शब्दापाशी.

धरणांच्या जलाशयांवर हा गुंता वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे तळही सरकारी, काठही सरकारी, म्हणजे प्रश्नच मिटला असे वाटेल. अमेरिकेत सैन्याच्या इंजिनियर दलाकडे असे ४०० हून अधिक प्रकल्प आहेत. त्यांची एक छापील नियमावली आहे आणि ती सर्वत्र एकच आहे. तिच्यात सांगितले आहे की, जी बोट प्रत्यक्ष वापरात नसेल ती पाण्यावरून काढून न्यावी, नाहीतर नेमून दिलेल्या जागी बांधावी. दुसऱ्या कलमात आहे की, लेखी परवानगीवाचून बोटीचा पूर्णवेळ किंवा काही काळापुरते घर म्हणून उपयोग करू नये. तिसऱ्यात आहे की, तंबू ठोकून राहणाऱ्याने एका प्रकल्पावर ३० दिवसांत १४ हून अधिक दिवस राहू नये. तिन्ही कलमे आपापल्या जागी शहाणपणाची आहेत. पण झोपलेल्या माणसाची बोट ‘प्रत्यक्ष वापरात’ असते की नसते? वल्ही थांबली, इंजिन थंड झाले. पण मालक तर आत आहे आणि ती त्याच्या अंगावरचे छप्पर आहे. वापरात आहे म्हणावे तर ती छप्पर म्हणून वापरात आहे, आणि मग घराचे कलम पुढे येते. आणि बोटीत झोपणे म्हणजे तंबूत राहणे धरावे तर नेमलेल्या तळावरच राहावे लागेल, पाण्यात कसे? शब्दांतून दोन्ही अर्थ निघतात. कोणता घ्यायचा ते त्या त्या जलाशयावरचा अधिकारी ठरवितो, आणि त्याची बदली झाली की कधी कधी अर्थाचीही बदली होते.

ही कुरकुर पाण्यापुरतीच आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडात डार्टमूर नावाचे एक मोठे माळरान आहे. १९८५ च्या एका कायद्याने तेथे लोकांना पायी किंवा घोड्यावरून, मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी येण्याचा हक्क दिला. तेथे रात्री तंबू ठोकणे हा विरंगुळा आहे काय, असा वाद जमीनमालकांनी काढला. २०२३ च्या जानेवारीत खालच्या न्यायालयाने ‘नाही’ म्हटले, जुलैत वरच्याने ‘आहे’ म्हटले, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘आहे’ हेच कायम केले. झोप हा विरंगुळा होऊ शकतो की नाही, यावर थोर न्यायमूर्तींनी अडीच वर्षे खल करावा, याचे हसू येईल खरे. पण ज्याला रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात उठवून ‘चालते व्हा’ म्हणतात, त्याला ते येत नाही.

नियम असे अर्धवट का ठेवतात, याचे कारण आळस हे नव्हे, असे आमचे मत आहे. नियम करणाऱ्यासमोर दोन माणसे असतात. एक, जो मोडकी बोट पाण्यात सोडून निघून जातो आणि ती बुडाली की काढण्याचा खर्च लोकांवर पडतो. दुसरा, जो भाडे न देता पाण्यावर कायमचा राहतो आणि घाण पाण्यात सोडतो. या दोघांना धरण्यासाठी तो जाळे विणतो, आणि हातात ढील राहावी म्हणून शब्द मोघम ठेवतो. मधला एका रात्रीचा पाहुणा त्याच्या ध्यानातच नसतो, आणि सापडतो मात्र तोच. मोघम नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नवी कोरी बोट, ओळखीचा क्लब, हाताशी वकील असलेल्या माणसाला अधिकारी ‘एका रात्रीने काय होते’ म्हणतो. बोट जुनी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे, माणूस परका, असे असले की तोच नियम तोंड उघडतो. आणि ज्याला खरोखरच दुसरे घर नाही, तो तर रोज संध्याकाळी जागा बदलीत, दिव्याची वात बारीक करून, कोणाच्या नजरेस न पडण्याची खटपट करीत राहतो.

आणि येथेच खरा धोका आहे. दिवा लपविणे ही पाण्यावरची सर्वांत वाईट गोष्ट. राहावे की नाही याबद्दल कायदा गुळमुळीत बोलतो. पण राहिलात तर दिवा कोणता लावावा, याबद्दल तो अगदी स्पष्ट आहे. अमेरिकेतील अंतर्गत जलमार्गांचे नियम १९८० च्या कायद्याने एकत्र झाले. नांगरलेल्या, ५० मीटरहून कमी लांबीच्या बोटीने, जेथून उत्तम दिसेल अशा जागी, चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा लावावा. तो २ सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. ७ मीटरहून लहान बोटीला यातून सूट आहे, पण ती अरुंद वाटेत, बोटींच्या नेहमीच्या मार्गात किंवा त्याच्या जवळपास नसेल तरच. आता तळ्यावर ‘नेहमीचा मार्ग’ कोणता? समुद्रात वाट असते, नदीत धार असते. तळे म्हणजे सगळेच अंगण. रात्री मासे धरून परतणारा कोणत्या कोपऱ्यातून येईल याचा नेम नाही. तेव्हा शहाण्याने ही सूट आपल्यासाठी नाही असेच धरावे. सरकारने खास आखून दिलेल्या नांगरवाड्यात २० मीटरहून लहान बोटीला दिवा माफ आहे, कारण तेथे बोटी असणार हे येणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

दिव्याबाबत लोक आणखी एक घोटाळा करतात. चालत्या बोटीचे तांबडे-हिरवे दिवे तसेच जळत ठेवून झोपी जातात. आपण उजेड ठेवला या समाधानात ते असतात. पण त्या रंगांची भाषा ‘मी चालत आहे’ अशी आहे. समोरून येणारा ती वाचतो, तुम्ही आता बाजूला व्हाल अशी वाट पाहतो, आणि तुम्ही तर नांगराला बांधलेले. घरांच्या खिडक्यांचे उजेड पाण्यात पडलेले असताना, त्यांच्या पुढे उभी असलेली काळी बोट वेगाने येणाऱ्याला दिसतच नाही. ज्याला राहण्याची परवानगी आहे की नाही हेच ठाऊक नाही, तो ठळक दिवा लावायला कचरतो. मोघम नियम स्पष्ट नियमाला असा खाऊन टाकतो. अधिकाऱ्यांनी दुसरे काही नाही तरी एवढा एक विचार करावा.

घाणीबाबतही केंद्राचा नियम स्वच्छ आहे. ज्या गोड्या पाण्याच्या तळ्यात बाहेरून बोटी ये-जा करू शकत नाहीत, त्यात बोटीवरच्या शौचकूपातील मैला, प्रक्रिया केलेला असो वा नसो, सोडता येत नाही. तो टाकीत साठवून काठावर आणून रिकामा करावा लागतो. म्हणजे दिवा सांगता येतो, मैला सांगता येतो. रात्र तेवढी सांगता येत नाही.

ती सांगता येते, याचे दाखले आहेत. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक परगण्यात ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गाची नसून मध्ययुगात पीट नावाचे जळण खणून काढलेल्या खाणी पाण्याने भरून झाली आहेत, हे १९५० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. तेथे प्राधिकरणाने ठिकठिकाणी बोटी बांधायला फुकट जागा करून दिल्या आहेत, आणि पाटीवर मुदत असते २४ तासांची. वादाला जागाच नाही. उघड्या तळ्यात थांबणारे टोकदार नांगराऐवजी नुसते लोखंडी वजन चिखलात सोडतात. ते तळ ओरबाडत नाही. फिनलंडच्या जलविषयक कायद्यात तर लिहिलेलेच आहे की, विनाकारण नुकसान न करता पाण्यावरून जाण्याचा आणि तात्पुरता नांगर टाकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ‘तात्पुरता’ हा शब्द तेथेही आहे. पण एक-दोन रात्री, कोणाच्या घरापासून दूर, ही रीत उत्तरेकडील त्या देशांत लोकांच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे शब्द लोंबकळत राहत नाही. जेथे रीत पक्की तेथे मोघम कायदाही चालून जातो. अमेरिकेत रीत प्रत्येक तळ्यागणिक वेगळी, म्हणून तेथे पाटीच हवी: बोट पाण्यात उतरविण्याच्या उतारावर, मोठ्या अक्षरांत, किती रात्री, काठापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिव्याने.

आपल्या देशात केरळच्या वेंबनाड तळ्यावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हाउसबोटी उभ्या करतात, कारण त्यानंतर कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात. हा नियम पाहुण्याला एका वाक्यात समजतो, आणि त्यामागचे कारण समोर दिसते. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. बोटींची नोंदणी, तपासणी, दिवे आणि खुणा यांची व्यवस्था त्यात आहे. महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. आपले पाणी धरणांच्या पाठीमागे आहे. तेथे आता बोटी येऊ लागल्या आहेत, तंबू तर केव्हाच आले आहेत, आणि आज ना उद्या कोणीतरी बोटीतच रात्र काढू म्हणेल. त्या वेळी पाणी पाटबंधाऱ्याचे, मासे सहकारी संस्थेच्या ठेक्याचे, काठचे रान वनखात्याचे आणि बंदोबस्त पोलिसांचा, असा चौघांचा संसार मांडलेला असेल.

आणि पाचवा धनी तळाशी आहे. कोयनेच्या शिवसागरात किंवा उजनीच्या फुगवट्यात जेथे बोट उभी राहील, तेथे खाली कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी गाव आहे. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि विस्थापित झालेले लोक दर्शनाला जातात. त्याच वेळी जलाशयांच्या काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती हंगामापुरती कसायला दिली जाते, आणि देताना प्रकल्पग्रस्तांचा हक्क आधी धरतात. पाणी चढण्यापूर्वी पीक काढून घ्यावयाचे असते. म्हणजे पावसाळ्यानंतर ज्या तळात बोटीचा नांगर रुतेल, त्याच तळात उन्हाळ्यात शेताचा नांगर चालतो, आणि त्या जमिनीचा सातबारा एकेकाळी ज्याच्या नावावर होता तो पुष्कळदा काठावरच, पाण्याकडे तोंड करून राहत असतो.